वरच्या तुकड्यातली आग

ठकीनं करवंदांचा द्रोण माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "औंदा तांदूळ नको आणू रं धाकलू. ज्याचे हात जळले त्योच गेला. भावाचं तू लय केलंस, आता पुरे."

"कुणाचं?" मी विचारलं.

"कोंडाजीचं. आनि कुणाचं?" ती पाटीतली पानं सारखी करत होती, माझ्याकडे बघत नव्हती. "जैतूनं वरून बघितला व्हता ना त्याला, पेटवताना. हाक बी मारली. मना सारखा सांगायचा, धाकलू भला मानूस, भावाचं पाप डोईवर घेऊन डोंगर चढतो."

एवढ्यात मुंबईकडे जाणारी गाडी लागली. उतारू द्रोणांसाठी वाकले आणि ठकी त्यांच्यात गुंतली. मी मान हलवली. ठाऊक असलेली गोष्ट कुणी पुन्हा सांगितली की माणूस हलवतो तशी हलवली आणि द्रोण घेऊन निघालो.

कर्जत ठेसनाबाहेर चिंचेखाली वैशाखात ठाकरणी करवंदं विकायला बसतात, त्यांतली ठकी सगळ्यांत जुनी. ती पोशीरच्या वरच्या ठाकूरवाडीची. मीही पोशीरचाच, पण तरुणपणी गाव सोडलं ते रेल्वेच्या कामावर लागलो, आणि आता हाडं कुरकुरायला लागली तरी इथंच आहे. जैतू तिचा नवरा. तो शिमग्यात गेला हे तिनं मला द्रोण भरता भरता सांगितलं होतं, आणि ते ऐकून मी काही बोलणार तोच तिनं तांदळाचं काढलं. त्यामुळे झालं असं की जैतूच्या मरणाचं दुःख अर्ध्यावरच राहिलं आणि त्याच्यावर हे दुसरं येऊन पडलं. मी चालत होतो. उजव्या हातात द्रोण होता, पळसाच्या पानाचा, आणि करवंदांचा चीक बोटांना लागत होता. बोटं चिकटत होती एवढंच मला त्या वेळी नीट कळत होतं.

माझं काम राखेचं. घाट चढायला गाडीला मागून दुसरं इंजिन लावतात, ती इंजिनं कर्जतला असतात, आणि घाट करून परत आली की त्यांच्या पोटातली राख आणि निखारे खाली खड्ड्यात ओढतात. त्यावर पाणी मारून ते विझवायचे आणि राख थंड झाली की उचलायची. हे काम कुणी मागून घेत नाही. मी मागून घेतलं होतं. पाणी मारून झालं की बाकीचे निघून जातात. मी राख हातानं उलटीपालटी करून बघतो, आत कुठं लाल डोळा राहिला आहे का. म्हणून मला इथं विझव्या म्हणतात. चाळीतल्या बायका रात्री चूल झाकताना पोरांना म्हणायच्या, "नीट झाक, नायतर विझव्या येऊन पाणी वतंल." हसायच्या. मी खरंच ओतायचो. अक्षरंसुद्धा मी याच राखेत शिकलो, केस पिकल्यावर. एका जुन्या मुकादमानं काठीनं गिरवून घेतली. थंड राखेवर अक्षर छान उमटतं, आणि चुकलं तर हातानं पुसता येतं.

त्या दिवशी मी खड्ड्याच्या काठावर बसलो आणि राखेत हात घालायचं धाडस होईना. एवढी वर्षं मी हात घालत होतो तो कुणाचा निखारा शोधायला, हे मला कळेनासं झालं. माझ्या आत एक जण बसलेला असतो. मी त्याला माझं मन म्हणायचो. चाळीत कुणाचा माठ फुटला, कुणाची कोंबडी हरवली, कुणी कुणाविषयी काही बोललं म्हणून भांडण पेटलं की सगळ्यांच्या आधी तो मला विचारायचा, धाकलू, तुझ्याकडून तर नाही ना झालं? आणि मी आधी माझे हात बघायचो. "माझाच धक्का लागला असंल," असं मी इतक्या वेळा म्हटलं आहे की लोकांना त्याची सवय झाली. काही जण त्याचा फायदा घ्यायचे. बरेच जण मात्र गप्प व्हायचे, आणि ज्यानं खरोखर केलं असेल तो थोड्या वेळानं येऊन सांगायचा की नाही रं, माझ्याकडून झालं ते. असं पुष्कळदा घडलं. म्हणून भांडण तुटायला लोक माझ्याकडे यायला लागले. विझव्या खोटं बोलत नाही, असं म्हणायचे. मला त्याचा अभिमान नव्हता असं नाही. मला वाटायचं, मी एका माणसाचे हात जाळले, त्या आगीतून मला एवढी एक गोष्ट मिळाली, हा आतला माणूस. तो मला पुन्हा चुकू देणार नाही. खड्ड्याच्या काठावर बसून मी प्रथमच त्याचा आवाज नीट ऐकला. तो कोंडाजीचा होता. दादा बोलतो तसा, सावकाश, खांद्यावर हात ठेवून, असंल असंल करत.

घाटातून पहिली गाडी पुण्याकडे गेली त्याच्या पुढच्या वैशाखातली गोष्ट. आमच्या भागात भाताची रोपं टाकायच्या आधी जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. शेण, झाडांचे टहाळे, पाचोळा असे थर द्यायचे, वरून बारीक माती टाकायची आणि पेटवायचं. पेटवायचं ते वारा जिकडे जातो त्या टोकाला. म्हणजे आग वाऱ्याच्या उलट, मातीखालून दबकत मागं मागं सरकते. ढेकूळ भाजतं, तणाचं बी मरतं. वारा येतो त्या टोकाला पेटवलं तर आग वाऱ्याबरोबर पळते. काम लवकर होतं, पण जमीन कच्ची राहते आणि ठिणगी कुठं जाऊन बसेल याचा भरवसा नाही. घाईचा माणूस तसं करतो, पण सकाळी, वारा निजलेला असताना. दुपारनंतर कुणी करत नाही. आमचा वरचा तुकडा ठाकूरवाडीच्या पायाशी होता, मध्ये नुसतं वाळलं गवत. सकाळी मी त्याचा अर्धा भाग भाजला, कडेनं माती लोटली आणि जेवायला खाली आलो. उरलेला अर्धा दुसऱ्या दिवशी भाजायचा होता. घरात गडबड होती, कारण त्याच दिवशी कोंडाजी माझ्या लग्नाचं ठरवायला कुंभिवलीला निघाला होता. मुलीचं नाव जयवंता. मी तिला एका जत्रेत लांबून पाहिली होती. तिच्या हातात काकडी होती आणि ती कुणावर तरी चिडली होती, इतकंच मला तिच्याविषयी ठाऊक आहे. गावातले दोघे जाणते बैलगाडीत बसले होते. कोंडाजी म्हणाला, "तुमी व्हा म्होरं, मी आडवाटेनं गाठतो." मी जेवलो आणि अंगणातल्या आंब्याखाली आडवा झालो.

मला उठवलं ते ओरडण्यानं. वर धूर नव्हता, नुसती हवा हलत होती आणि झोपड्या जात होत्या. गवताच्या झोपडीला जळायला वेळ लागत नाही. माणसं सगळी बाहेर निघाली, पण जैतूची शेळी आत बांधलेली होती आणि त्या शेळीच्या दुधावर ठकीचं तान्हं होतं. जैतू आत गेला आणि शेळी घेऊन बाहेर आला. शेळीला फारसं काही झालं नाही. जैतूचे हात मनगटापासून पुढं गेले ते गेलेच. डोलीत घालून त्याला खालापूरच्या वैद्याकडे नेला, त्यानं लेप दिले, पण बोटं आत वळून एकमेकांना चिकटली. मधाची पोळी काढणारा, ताडासारख्या झाडावर सरसर चढणारा माणूस. पुढं त्याला घास ठकी भरवायची.

कोंडाजी दुसऱ्या दिवशी आला. त्याच्या उपरण्याच्या गाठीत कुंभिवलीकरांनी दिलेली साखर होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मला बाजूला नेलं आणि खांद्यावर हात ठेवला. "धाकलू, तुझा डोळा लागला असंल रं. राब नीट विझला नसंल. ठिणगी उडाली असंल, तिकडला अर्धा पेटला असंल. व्हतं असं." मी म्हणालो, मी माती लोटली होती. तो म्हणाला, "लोटली असंल. पन म्होरं बघाया हवं व्हतं ना?" माझा डोळा लागला होता हे खरं होतं. त्या एका खऱ्याच्या मागून बाकीचं सगळं आत आलं. पहिल्या वर्षी ते सगळं असंल होतं. मग कधीतरी, मला कळलं नाही कधी, ते असंल गळून पडलं. मला ठिणगी दिसायला लागली. अजून दिसते. माझ्या लोटलेल्या मातीला एक भेग आहे, तिच्यातून लाल टोक बाहेर येतं, वारा त्याला उचलतो, ते गवतावर बसतं, क्षणभर काळं होतं आणि मग त्याच्याभोवती पिवळा गोल पसरतो. मी आंब्याखाली झोपलो होतो. मी ते पाहिलेलं असणं शक्यच नाही. तरी एवढी स्पष्ट मला माझी आईसुद्धा आठवत नाही.

गावदेवीला कौल लावला तेही आठवतं. आमच्या वडलांनी, आबाजींनी, सगळ्यांसमोर देवीला विचारलं, ही आग धाकलूच्या राबाची असेल तर उजवा दे. देवीच्या दोन खांद्यांवर ओले तांदूळ चिकटवतात, ज्या बाजूचे आधी पडतील तो कौल. चिकटवायला ओलेत्यानं गेला कोंडाजी, कारण घरातला मोठा मुलगा तो. उजव्या खांद्यावरचे दाणे लगेच पडले. कमी ओले दाणे लवकर सुटतात हे काही मोठं ज्ञान नाही. पण त्या दिवशी मी हात जोडून उभा होतो आणि दाणे पडले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आता कळलं तरी, असं वाटलं. दादानं तसं मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही. बघा, माझ्याही तोंडात असेल आलंच.

कुंभिवलीकरांनी साखर परत मागितली नाही, पण मुलगीही दिली नाही. पुन्हा कुणी विचारलं नाही, मीही नाही. जमिनीतला माझा भाग मी कोंडाजीला कसायला दिला आणि कर्जतची वाट धरली. माझं एकच मागणं होतं, दर वर्षी भात झोडून झालं की मला एक टोपली तांदूळ द्यायचा. तो डोक्यावर घेऊन मी ठाकूरवाडीत जायचो. ठकी टोपली रिकामी करून परत द्यायची. मी त्यांच्या दारात बसायचो नाही, पाणी घ्यायचो नाही; ज्याच्या हातांचं असं केलं त्याच्या दारात पाणी कोणत्या तोंडानं प्यायचं? जैतू कोपऱ्यात बसलेला असायचा आणि मला बघितलं की दोन्ही हात कांबळ्यात घ्यायचा. ते हात आत जाताना बघणं हीच माझी शिक्षा, असं मी धरून चालायचो. वर्षभर मी जे काही नीट वागायचो ते त्या एका क्षणाला तोंड देता यावं म्हणून.

आणि सोनुबाई. कोंडाजीची बायको, माझी वहिनी. टोपली भरताना ती दर वर्षी वरून आणखी एक ओंजळ घालायची, मग आणखी एक, शीग लागेपर्यंत, आणि पदरानं डोळे टिपायची. मी चाळीत तिची गोष्ट सांगायचो, माझी वहिनी अशी, दिराच्या पापासाठी स्वतःच्या घरचा दाणा देते. कोंडाजीचीही सांगायचो. त्या आगीनंतर त्यानं वरचा तुकडा पुन्हा कधी भाजला नाही. गवत माजू दिलं. लोक विचारायचे तर म्हणायचा, "धाकल्याला तरास हुतो तिकडं बघून." मी ते ऐकून गहिवरायचो. खड्ड्याच्या काठावर बसून मी या गोष्टी एकेक करून उलट्या करत गेलो, ढेकळं उलटी करावी तशी, आणि प्रत्येकीच्या खाली तेच निघालं. सगळं घर माझ्याशी गोड वागलं होतं. वाईट वागले असते तर बरं झालं असतं. मी कधीतरी विचार केला असता.

करवंदं मी तशीच राखेत टाकली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं नेरळपर्यंत गेलो, तिथून पायी. पोशीरला पोचलो तेव्हा सकाळचं ऊन अंगणात आलं होतं. खालच्या शेतात लोकांचे राब जळत होते, जमिनीलगत निळा धूर. कोंडाजी ओट्यावर बसला होता. तोही थकला आहे. मिशा पांढऱ्या, गुडघ्यांना लसणीचं तेल. मला बघून लांबूनच म्हणाला, "आला का विझव्या? चला, आता गाव निर्धास्त. अगं, घागर लपीव, न्हायतर चुलीवर वतंल." ही त्याची दर वर्षाची थट्टा. दर वर्षी मी हसायचो. सोनुबाई दारात सुपानं नाचणी पाखडत होती, तीही हसली.

मी ओट्यावर बसलो. म्हणालो, "दादा, औंदा वरचा तुकडा भाजू या."

"त्यो कशाला? रान झालंय तिथं. आनि तुलाच तरास."

"मला नाय व्हनार."

"ऱ्हाऊ दे रं."

"ठकी भेटली व्हती कर्जतला. जैतू गेला."

सुपाचा आवाज थांबला. कोंडाजीनं माझ्याकडे पाहिलं. मला आजवर वाटायचं, माणसाच्या मनातलं त्याच्या बोलण्यातून कळतं. त्या वेळी कळलं की ते तो समोरच्याकडे कसा बघतो त्यातून कळतं. तो माझ्या तोंडावर काहीतरी शोधत होता. जैतू कसा गेला, कधी गेला, हे त्यानं विचारलं नाही. मला किती ठाऊक झालं आहे तेवढंच तो चाचपत होता, अंधारात पायरी चाचपावी तसं. मी तोंड कोरं ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी मुद्दाम तसं केलं, आणि मला ते सहज जमलं याची भीती वाटली.

"काय म्हनं ठकी?"

"तांदूळ नको म्हनाली. ज्याचे हात जळले त्योच गेला, आता पुरे."

कोंडाजीनं श्वास सोडला. त्याचे खांदे खाली आले. मग त्यानं हात लांब करून माझ्या खांद्यावर ठेवला, तोच हात, त्याच जागी. "सुटलास बाबा. लय भोगलंस. आता देवानं बी तुला माफ केलं असंल."

मी थांबलो. मला त्याला वेळ द्यायचा होता. एक शब्द बोलला असता तरी चाललं असतं. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो, त्यानं ओठ हलवले आणि मला वाटलं आता येईल. त्यानं फक्त खाकरून बाजूला थुंकलं.

"दादा, त्या दिवशी आडवाटेनं गेलास, ती वाट वरच्या तुकड्यावरनं जाते ना?"

हात माझ्या खांद्यावरून निघाला. सोनुबाईनं सूप खाली ठेवलं आणि भिंतीकडे तोंड केलं. शेजारची अंबाबाई परड्यातून डोकावून "धाकलूभावजी कधी आले?" म्हणाली, आणि कोणी उत्तर दिलं नाही तशी गेली.

"उरलेला अर्धा उद्यावर कशाला टाकायचा म्हनून वारा येतो त्या टोकाला पेटवला," कोंडाजी म्हणाला. तो समोरच्या धुराकडे बघत होता. "गाडी म्होरं गेलेली. म्हनलं लवकर जळून जाईल. तुझ्याच कामाला चाललो व्हतो मी."

"मंग सांगितलं का नाय?"

"तूच म्हनलास डोळा लागला व्हता. मी म्हनलं आज ऱ्हाऊ दे, उद्या सांगीन. रोज उद्या म्हनायचो. माजी बायकापोरं, म्हातारा बाप. तू एकला." मग तो माझ्याकडे वळला, आणि त्याच्या आवाजात राग होता. "आनि मंग तुझं नाव झालं. कर्जतहून मानसं येऊन सांगायची, धाकलू सच्चा, धाकलू देवमानूस. तवा सांगितलं असतं तर तुझ्यापाशी काय उरलं असतं रं? मी हितं बसून ऐकायचो. मला कोन म्हनलं देवमानूस?"

माझ्यामुळे त्याचंच काहीतरी हरवलं असावं तसा तो बोलत होता. आणि सगळ्यांत वाईट हे, की माझ्या आतला तो, खांद्यावर हात ठेवणारा, लगेच म्हणाला, दादाचं बरोबर असंल, धाकलू, त्याचंही हाल झालं असंल. मी उठून उभा राहिलो, त्याच्यापासून लांब जावं तसा.

सोनुबाई आत गेली आणि टोपली भरून घेऊन आली. भात झोडायचा हंगाम अजून लांब होता, कणगीतला उरलेला तांदूळ असणार. शिगोशीग. "भावजी, न्या," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, नेहमीसारखे. मी टोपली घेतली. डोक्यावर घ्यायला हात वर गेले, इतकी त्यांना सवय होती. मग मी ती कोंडाजीच्या पायाशी ठेवली.

"या खेपेला तू ने."

"माजं गुडघं बघ. चढवंल का मला?"

"ठकी वाट बघंल," मी म्हणालो, आणि अंगणाबाहेर पडलो.

वरच्या तुकड्यात गवत छातीपर्यंत होतं. मी त्यातून चढलो. डोक्यावर ओझं नव्हतं आणि मला चालता येईना. मान सारखी मागं पडत होती, पाय भलतीकडे. भार असला की वाट आपोआप सापडते. कुठं बांध आहे, कुठं दगड आहे, हे डोक्यावरच्या टोपलीला ठाऊक होतं, मला नव्हतं. ठाकूरवाडीत पोचलो तर ठकी दारात होती, त्या दिवशी बाजाराला गेलीच नव्हती. माझे रिकामे हात बघून ती हसली. "मी नको म्हनलं ते तू लगेच ऐकलंस?"

मी म्हणालो, "ठके, मला ठाऊक नव्हतं."

"काय?"

"कोंडाजीचं. मला वाटायचं मीच जाळलं. म्हनून यायचो. भावाचं पाप मी डोईवर घेतलं नव्हतं. जैतू म्हनायचा तसा भला मानूस मी नव्हतो."

हे बोलायला मी डोंगर चढलो होतो, हे मला बोलून झाल्यावर कळलं. चिंचेखाली मी मान हलवली होती; तो होकार परत घ्यायचा होता. एवढं एकच असं होतं जे माझं स्वतःचं होतं, कोंडाजीनं दिलेलं नव्हतं. ठकीनं कपाळावर हात मारला नाही, काही नाही. ती खाली बसली.

"येवढी वर्सं?"

"हो."

"मंग कुनी सांगितलं का नाय तुला?" तिनं विचारलं, आणि मग तिच्या लक्षात आलं असावं की तीही त्यात आहे. तिनं मान खाली घातली. "तू आला की जैतू हात झाकायचा, ठावं हाय? म्हनायचा, त्याचं काय नाय यात, त्याला कशाला दाखवायचं. बिचारा दुसऱ्याचं व्हातोय."

ते हात कांबळ्यात जाताना मला पुन्हा दिसले, जसे दर वर्षी दिसायचे तसेच, आणि या वेळी ते वेगळ्याच कारणासाठी आत जात होते. मला वाटायचं तो मला माझी शिक्षा देतो. तो मला वाचवत होता. ज्याला मी काही केलं नव्हतं त्या एकट्या माणसानं माझ्याशी खरेपणानं वागावं, आणि तो शिमग्यात जावा, आणि मला ते वैशाखात कळावं. मी बसलो. त्या दारात मी पहिल्यांदा बसलो.

आतल्या चुलीत आग होती. बसल्या जागेवरून मला निखारा दिसत होता आणि माझा हात आपोआप पाण्याच्या मडक्याकडे गेला. ठकी म्हणाली, "ऱ्हाऊ दे रं. जळू दे. भाकर टाकते." मी हात मागं घेतला. तिनं नाचणीचं पीठ मळलं, तवा ठेवला. मी बाहेर बघत होतो. तिथून खाली आमचं घर दिसतं, ओटा दिसतो, ओट्यावरचं पांढरं धोतर दिसतं आणि त्याच्या पायाशी टोपली, टोपलीवरचा तांदूळ उन्हात चमकत होता. धोतर हललं तर मला कळणार होतं. सोनुबाई एकदा दारात आली, टोपलीजवळ वाकली, पुन्हा सरळ झाली आणि आत गेली. वारा निजलेला होता, मग तो उठला आणि छातीएवढ्या गवतातून वर यायला लागला.

"येल का त्यो?" ठकीनं विचारलं.

"ठाऊक नाय," मी म्हणालो. असंल म्हणालो नाही.

तिनं भाकर दिली, वर मीठ-मिरची. जैतूला भरवायची त्याच ताटलीत असणार, तिच्याकडे दुसरी नव्हती. खाली धोतर तिथंच होतं. भाकर एका बाजूनं करपली होती. मी आधी ती बाजू खाल्ली.